सीडी सोमण

सोमणचं खरं नाव मुकुंद. पण कॉलेजात त्याला त्या नावाने कुणी हाक मारली असती, तर त्यानेही मान वळवली नसती. शंभरेक सीड्या मावतील असं काळ्या रेक्झिनचं, चेनचं पाकीट छातीशी धरून तो हिंडायचा, म्हणून तो 'सीडी'. पुढे सीड्या गेल्या, डीव्हीडी गेल्या, पाकिटाची चेन तुटली. नाव तेवढं राहिलं. आमच्या सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींनी तर मेंटेनन्सच्या पावतीवर 'श्री. सी. डी. सोमण' असंच छापून टाकलं. चिंतामण दत्तात्रय वगैरे काहीतरी असेल, अशी त्यांची समजूत. सोमणने ती दुरुस्त केली नाही.

ती पावती दर महिन्याच्या एक तारखेची असते, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे येणार आहे त्यावरून माणसाबद्दल गैरसमज व्हायला नको. सोमण अत्यंत सरळ गृहस्थ आहे. भाजीवालीने चुकून पाच रुपये जास्त परत दिले, तर हा दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा खाली उतरतो. पीएमपीच्या गर्दीत कंडक्टर पोचला नाही, तर उतरण्याआधी वाट काढत जाऊन तिकीट मागून घेतो. रात्री साडेअकराला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पौड फाट्याच्या सिग्नलला लाल दिवा बघून थांबतो, पुण्यात राहून! अख्खी पुस्तकं झेरॉक्स करून वाचणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा आहे. "लेखकाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?" असं तो विचारतो, आणि खरोखर कळवळून विचारतो.

आणि याच माणसाने अलीकडेपर्यंत एकही अस्सल व्हिडिओ गेम पैसे मोजून खेळलेला नव्हता. "विकत? गेम?" हे दोन शब्द तो ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात माझी आजी "विकतचं लोणचं?" म्हणायची.

त्याच्या खोलीत गेलात तर तुमचा विश्वास बसणार नाही. खुर्ची पाठीच्या मणक्याची काळजी घेणारी. कीबोर्ड असा की प्रत्येक बटण वेगळ्या रंगात पेटतं. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत आमच्या लग्नाच्या वेळी चांगली नवी मोटरसायकल आली असती. या सगळ्याची बिलं जीएसटीसकट, वॉरंटीची कार्डं जोडून, एका निळ्या फायलीत लावलेली आहेत. यंत्र सगळं पावतीचं आणि यंत्राच्या आत जे चालतं ते सगळं बिनपावतीचं. मी एकदा म्हटलं, "अरे, या कार्डाच्या पैशात तीस-चाळीस गेम आले असते." सोमण माझ्याकडे दयेने पाहून म्हणाला, "आणि ते चालवले कशावर असते?"

आता न्यायाची गोष्ट. एक काळ असा होता की सोमणचं म्हणणं खरं होतं.

२००३ च्या आसपास 'व्हाइस सिटी' नावाचा गेम आला, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. महिन्याचा हातखर्च मेसच्या रविवारच्या फीस्टमध्ये अर्धा संपायचा. अस्सल डबाबंद गेम मिळालाच तर त्याची किंमत ऐकूनच परत फिरावं लागे. तोच गेम मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मार्कर पेनने नाव लिहिलेला, खिशाला परवडेल अशा भावात मिळे. सोमण सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने जायचा आणि संध्याकाळी पाकीट भरून परत यायचा. तिकीट काढून, हे सांगायला नकोच. येताना कर्जतचा वडा खाऊन तो हिशोब मांडायचा : "कंपनीला माझ्याकडून आज शून्य रुपये मिळाले. मी लॅमिंग्टन रोडला गेलो नसतो तरी शून्यच मिळाले असते. मग नुकसान किती? शून्य वजा शून्य." गणितात आमच्यापैकी कुणालाच खोट काढता आली नाही. आजही काढता येत नाही. जो गिऱ्हाईक होऊच शकत नव्हता, त्याच्या चोरीने गिऱ्हाईक गेलं असं म्हणता येत नाही. निर्माते चोरीच्या प्रती मोजून त्यांना किमतीने गुणतात आणि एवढं नुकसान झालं म्हणून सांगतात, ते आकडे याच कारणाने हवेत असतात.

पुढे सोमण इंजिनिअर झाला. हिंजवडीत लागला, टीम लीड झाला, मग मॅनेजर झाला. पगार दर वर्षी वाढत गेला. शून्य वजा शून्य मात्र होतं तिथेच राहिलं.

मधल्या काळात त्याच्या सबबी एकेक करून गळाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी म्हणायचा, इथे मिळतच नाही. मग घरबसल्या उतरवून घ्यायची सोय झाली. मग म्हणाला, डॉलरमध्ये किंमत आहे, देशाबाहेर पैसा कशाला घालवा. २०१५ साली स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने रुपयांत किमती लावल्या. मग म्हणाला, क्रेडिट कार्डाचा भरवसा नाही. त्यावर यूपीआय आलं. आता तो चहाच्या टपरीवर दहा रुपये फोनवरून देतो आणि गेमचं नाव काढलं की म्हणतो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." सबबी संपल्या की माणूस तत्त्वावर येतो.

सोसायटीतल्या वकीलसाहेबांनी त्याला एकदा घाबरवून पाहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-बी असं कलम आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायाधीश कैद माफ करू शकतात. सोमणने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सात दिवस सलग?" तेवढ्यात एक मोठा गेम संपतो, असा त्याचा हिशोब चालला होता.

फुकटचं काही फुकट नसतं, हे सोमणइतकं कुणी भोगलेलं नाही. लोकांना वाटतं, टोरंट लावलं की गेम आला. अहो, तो एक संसार आहे. चाळीस जीबीचा रिपॅक, म्हणजे दाबून बसवलेला गेम, रात्रभर उतरतो, सकाळी तीन तास उलगडत बसतो. त्या तीन तासांत घरातल्या कुणी पंखासुद्धा लावलेला सोमणला खपत नाही. मग अँटीव्हायरस बंद करायचा. "तो उगाच ओरडतो," असं सोमण म्हणतो. दोनदा तो उगाच ओरडला नव्हता, आणि वहिनींचे महाबळेश्वरचे सगळे फोटो गेले. पूर्वी कीजेन नावाचे चिमुकले प्रोग्रॅम असत; ते खोटा क्रमांक काढून देताना टिंगटिंग संगीत वाजवत. सोमणच्या आईंना ते फार आवडे. देवघरात वाती वळताना त्या ती धून गुणगुणायच्या. एकदा त्यांनी मला संगीतकाराचं नावही विचारलं होतं.

आणि त्या प्रत्येक गेमबरोबर, त्याचं कॉपीबंदीचं कुलूप फोडणाऱ्या टोळीची एक चिठ्ठी येते. टोळीचं नाव मोठ्या झोकात काढलेलं, खाली सूचना. सगळ्यात शेवटी एक सल्ला असा की, गेम आवडला तर विकत घ्या, बनवणाऱ्यांना पाठिंबा द्या. सोमणला मी तो वाचून दाखवला. म्हणाला, "तो नवशिक्यांसाठी असतो."

निर्मातेही काही कमी खोडकर नसतात. 'जीटीए फोर'च्या पीसीवरच्या चोरीच्या प्रतीत २००८ साली त्यांनी असं करून ठेवलं होतं की पडदा दारू प्यायल्यासारखा झुलत राहायचा. आमचा सोमण सुपारीही न खाणारा. त्याने दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी नंबर बदलून दिला, तरी पडदा झुलतच होता. पुढच्या वर्षी 'बॅटमॅन : अर्कम असायलम' आला. त्याच्या फुटलेल्या प्रतीत बॅटमॅनला पंख पसरून तरंगताच यायचं नाही. एका अख्ख्या रविवारी सोमणचा बॅटमॅन छपरावरून उडी मारत होता आणि धपकन पडत होता. आत वहिनी पुरणपोळ्या लाटत होत्या. दर वेळी "आई गं!" ऐकू आलं की त्या विचारायच्या, "पडलात का?" 'सीरियस सॅम थ्री'मध्ये चोरांच्या मागे एक गुलाबी विंचू लागतो. तो मरत नाही. सोमणने त्याच्यावर तीन आठवडे गोळ्या झाडल्या आणि शेवटी गेम अवघड आहे, पण फार चांगला बनवलाय, असा शेरा दिला.

पण सगळ्यात मोठा प्रसंग २०१३ च्या एप्रिलमधला. पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या दोन भावांनी 'गेम डेव्ह टायकून' नावाचा छोटा गेम काढला होता. किंमत आठ डॉलरच्या आत. गेम असा की तुम्हीच गेम बनवणारी कंपनी काढायची, गॅरेजातून सुरुवात करून मोठी करायची. भावांना पुढचं माहीतच होतं, म्हणून त्यांनी स्वतःच एक फुकटची प्रत टोरंटवर सोडून दिली. तीत एकच फरक. कंपनी जरा नावारूपाला आली की निरोप यायचा : साहेब, आपला गेम पुष्कळ लोक खेळतायत, पण विकत न घेता चोरून. आणि मग काहीही करा, धंदा बसायचा. पहिल्या दिवशी २१४ जणांनी गेम विकत घेतला. फुकटची प्रत खेळणारे निघाले ३,१०४.

त्या ३,१०४ मध्ये, किंवा फार तर दुसऱ्या दिवशीच्या गर्दीत, आमचा सोमण होता. त्याचा रात्री पावणेदोनला फोन आला. मला वाटलं, आईंचं काही. आवाज खोल गेलेला. "अरे, कंपनी बुडाली."

"कुठली? तुझी?" हिंजवडीत तेव्हा माणसं काढत होते.

"माझीच. गेम सुंदर बनवला होता. समीक्षकांनी दहापैकी नऊ गुण दिले. पण विकत कुणी घेतच नाही! सगळे फुकटे भरलेत. मेहनत कुणी करायची आणि मजा कुणी मारायची?"

"सोमण," मी म्हटलं, "हा गेम तू कुठून आणलास?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, उजाडलं. मग तो म्हणाला, "ते राहू दे. यात कॉपी होऊ नये म्हणून कुलूप शोधून काढायची काही सोय आहे का, तेवढं सांग." हाच प्रश्न त्या आठवड्यात जगभरच्या आणखीही काही सोमणांनी विचारला होता. हे अगदी खरं आहे.

यानंतर सोमण सुधारेल असं मला वाटलं होतं. तो सुधारला नाही, त्याने वाचन वाढवलं. निर्माते आणि कंपन्या कुठे कुठे फसल्या, याचा त्याच्याइतका साठा क्वचितच कुणाकडे असेल. पैकी दोन गोष्टी तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. पहिली २०१० ची : युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड टू'ला असं कुलूप लावलं की खेळताना सारखं इंटरनेट चालू पाहिजे. मार्चमध्ये त्यांचे सर्व्हरच कोलमडले, आणि ज्यांनी पैसे मोजले होते तेच बाहेर ताटकळले. दुसरी २००८ ची, त्याच कंपनीची : 'रेनबो सिक्स व्हेगस टू'च्या गिऱ्हाइकांना गेम चालू होत नव्हता, म्हणून कंपनीने दुरुस्ती पाठवली. लोकांनी ती उघडून पाहिली तर आत कुलूप फोडणाऱ्या टोळीचाच क्रॅक, टोळीच्या सहीसकट. "म्हणजे कंपनी आमच्याकडून उचलते!" सोमण मांडीवर थाप मारतो. 'आमच्याकडून' या शब्दावर त्याचा आवाज जरा भरून येतो.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टबद्दल त्याला नितांत आदर आहे, आणि तो केवळ नावातल्या 'सीडी'मुळे नाही. त्या कंपनीचा एक संस्थापक मार्चिन इविन्स्की वॉर्साच्या कॉम्प्युटर बाजारात कोवळ्या वयात चोरीचेच गेम विकायचा. पुढे रीतसर कंपनी काढल्यावर या लोकांना कळलं की आपली स्पर्धा बाजारातल्या चोरांशी आहे. मग १९९९ साली त्यांनी 'बॉल्डर्स गेट' पोलिश भाषेत, पोलिश नटांचे आवाज घालून, नकाशाबिकाशासकट जाड डब्यात आणला. चोराच्या पिशवीत हे मिळत नव्हतं. लोकांनी तो विकत घेतला. पुढे त्यांच्याच २०११ च्या 'विचर टू'च्या पंचेचाळीस लाख चोरीच्या प्रती झाल्या असाव्यात, असा अंदाज इविन्स्कीनेच बोलून दाखवला. विकल्या होत्या दहा लाखांच्या आसपास. तरी २०१५ चा 'विचर थ्री' त्यांनी कुठलंही कुलूप न लावता विकला. २०२३ पर्यंत त्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या.

"याला म्हणतात गिऱ्हाइकावर विश्वास," सोमण म्हणतो. तो गेम त्याने दोनदा संपवलाय. पाच मित्रांना पेनड्राइव्हवर भरूनही दिलाय.

"आणि तू कितीला घेतलास?"

"अरे, ते विश्वास ठेवतात म्हटल्यावर पैशाचा विषय काढणं बरं दिसत नाही."

हीच तऱ्हा 'राजी'च्या वेळी. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या स्टुडिओने बनवलेला गेम. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळी हटली नाहीत. २०२० मध्ये तो बाहेर पडला आणि अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. सोमणने सोसायटीच्या ग्रुपवर तीन संदेश टाकले. आपलं पुणं, आपली पोरं, आपल्या पुराणातल्या कथा. मी विचारलं, घेतलास का? म्हणाला, "अभिमान काय विकत घेता येतो?"

२०१७ च्या सप्टेंबरात तर सोमणच्या आयुष्यात दिवाळी आली. युरोपियन कमिशनने ३ लाख ६० हजार युरो खर्चून चोरीचा विक्रीवर काय परिणाम होतो याचा एक अभ्यास करून घेतला होता. सहा देश, तीस हजारांच्या घरात माणसं, तीनशेवर पानं. २०१५ मध्ये तयार झालेला हा अहवाल तसाच पडून राहिला. शेवटी युरोपियन संसदेतल्या जर्मन खासदार युलिया रेडा यांनी माहितीचा अधिकार वापरून तो बाहेर काढला. त्यात असं निघालं की चोरीमुळे कायदेशीर विक्री घटते याचा भक्कम पुरावा एकंदरीत मिळत नाही. नव्या गाजलेल्या सिनेमांचा अपवाद. तिथे फटका बसतो. आणि गेमच्या बाबतीत तर आकडे उलटे, चोरीने विक्री किंचित वाढतच असावी असे.

सोमणने ते पान रंगीत छापून घेतलं. ऑफिसच्या प्रिंटरवर नव्हे, बाहेर, पैसे देऊन. ते आता त्याच्या टेबलासमोर चौकटीत लावलेलं आहे. आल्यागेल्याला तो ते बोट ठेवून दाखवतो. त्याच अहवालात अभ्यासकांनी स्वच्छ लिहिलंय की परिणाम सिद्ध झाला नाही, याचा अर्थ परिणाम नाही असा घेऊ नये. आकडेवारीतून तो पुरेशा खात्रीने दिसत नाही, इतकंच. पण ते वाक्य दुसऱ्या पानावर आहे, आणि चौकटीत एकच पान मावतं.

माझं विचाराल तर गेमच्या आकड्यात फारसं गूढ नाही. ज्याला वेड आहे तो चोरूनही खेळतो आणि विकतही घेतो. जास्त चोरणारा आणि जास्त विकत घेणारा हा पुष्कळदा एकच इसम असतो. आमच्यात हे काम वाटून घेतलेलं आहे. मी दर हिवाळी सेलमध्ये शे-दोनशे रुपयांना गेम घेतो आणि ते खेळत नाही. सोमण खेळतो ते विकत घेत नाही. दोघांत गेमवर जास्त प्रेम कुणाचं, हा वाद आमच्यात दहा वर्षं चाललाय. निर्मात्यांच्या बाजूने पाहिलं तर मी आदर्श गिऱ्हाईक आहे.

मग २०२४ मध्ये विल्यम व्होल्कमन या अमेरिकेतल्या संशोधकाचा अभ्यास आला. साल्झबर्गच्या एका कंपनीचं डेनुवो नावाचं कुलूप २०१४ पासून मोठ्या गेमना लावतात. सोमणला ते नाव काढलेलं चालत नाही. त्याच्या मते त्या कुलपाने पैसे देणाऱ्याचाच कॉम्प्युटर घामाघूम होतो. व्होल्कमनने हे कुलूप लावलेले ८६ गेम घेतले आणि कुलूप केव्हा तुटलं, त्यावर कमाई कशी बदलली, ते पाहिलं. पहिल्याच आठवड्यात तुटलं तर एकूण कमाईत सरासरी वीस टक्क्यांची खोट. जसजसे आठवडे जातात तसतशी खोट कमी. बारा आठवड्यांनंतर तुटलं तर जवळपास काही नाही.

मी हे मुद्दाम छापून नेलं. सोमणने चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, आता तरी बोलती बंद होईल. कारण पहिल्या आठवड्यात चोरणारा म्हणजे कोण? ज्याला आजच्या आज पाहिजे, ज्याच्याकडे यंत्र तयार आहे, खिशात पैसे आहेत आणि फुकट मिळालं नसतं तर ज्याने झक मारत विकत घेतलं असतं, तो. म्हणजे कॉलेजातला सोमण नव्हे, हिंजवडीतला.

त्याने कागदाची घडी केली. "म्हणजे बारा आठवड्यांनी चोरलं तर पाप नाही."

"असं नाही म्हटलेलं."

"जवळपास काही नाही, असंच लिहिलंय ना?" आणि खरोखर त्याने नियम केला. नवा गेम आला की बारा आठवडे हात लावायचा नाही. नेमकी आषाढी एकादशी तोंडावर होती, म्हणून चातुर्मासाचाच नेम धरला. वांगं, कांदा, लसूण आणि नवे गेम. वहिनींना वाटलं, देव पावला. पाचव्या आठवड्यात त्यांनी वांग्याचं भरीत केलं, तर ते त्याने बाजूला सारलं; नेम म्हणजे नेम. त्याच रात्री नवा गेम लावला. तो गेम जपानमध्ये एक दिवस आधी निघाला होता, असं काहीतरी त्याचं म्हणणं पडलं. त्यातून बारा आठवडे कसे पुरे होतात, ते मला कळलेलं नाही.

आता सईची गोष्ट. सई ही सोमणची सख्खी भाची. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी कर्वेनगरात एक वन बीएचके भाड्याने घेऊन तीन वर्षं खपून एक गेम बनवला. कोकणातल्या एका ओसाड एसटी डेपोत रात्रपाळीला असलेला कंट्रोलर, आणि वेळापत्रकात नसलेली एक गाडी. मी खेळलोय. रात्री खेळू नये. किंमत ३४९ रुपये, त्यातले तीस टक्के स्टीम ठेवून घेणार.

सोमण अभिमानाने नुसता फुगला होता. पेढे वाटले, ग्रुपवर चार संदेश टाकले ('राजी'पेक्षा एक जास्त, घरचं म्हणून). मग सईला फोन. "अगं, मामाला एक प्रत पाठव."

"मामा, ३४९ रुपये. पहिल्या आठवड्यात दहा टक्के सूट आहे."

"सख्ख्या मामाला?"

"सख्ख्या मामाने नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा?"

सोमण दुखावला. दुखावलेला सोमण नेहमीच्या ठिकाणी गेला. गेमचं नाव टाकलं. काही नाही. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, तिसऱ्या, रशियन भाषेतल्या एका ठिकाणीही. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा गेला. आयुष्यात प्रथमच त्याला हवा असलेला गेम कुणी फोडलेला नव्हता. कुलूप नव्हतंच मुळी; सईने लावलंच नव्हतं. दार उघडं होतं आणि आत यायची कुणाला इच्छा नव्हती. सोमणला हा अपमान सहन होईना. तो माझ्याकडे येऊन येरझाऱ्या घालू लागला. "तीन वर्षं राबल्या रे पोरी. आणि एक, एकसुद्धा माणूस चोरायला तयार नाही! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

त्याने सईला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे, मामा. विकतही फारसा कुणी घेतलेला नाही." स्टीमवर दर वर्षी हजारोंनी गेम येतात. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला चोरही येत नाही.

सोमणने मग आपला सगळा अनुभव तिच्या पायाशी ओतला. २०१७ मध्ये 'डार्कवूड'च्या पोलिश मंडळींनी आपला गेम आपणच पायरेट बे या टोरंटच्या अड्ड्यावर ठेवला होता, पैसे नसणाऱ्यांनीही खेळावा म्हणून. 'हॉटलाइन मायामी'च्या निर्मात्याने चोरीच्या प्रतीतल्या चुका दुरुस्त करायला चोरांना मदत केली होती. "मी तुझा गेम टोरंटवर टाकतो. बघच, कसा पसरतो."

"मामा, त्यांनी स्वतःचा दिला होता," सई म्हणाली. "पण टाक. सध्या तशीही सामसूम आहे."

"मग एक प्रत पाठव."

"टोरंटवर टाकायला पहिली प्रत कुणाला तरी विकत घ्यावीच लागते ना, मामा?"

सोमण माझ्यासमोरच होता. फोन ठेवून तो खुर्चीत बसला. वीस वर्षं टोरंट उतरवली, पण प्रत्येक टोरंटच्या टोकाला असा एक कुणी तरी पैसे मोजलेला इसम असतो, हा विचार त्याला शिवलाच नव्हता. बराच वेळ हिशोब करून तो उजळला. स्टीमवर गेम घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. घ्यायचा, प्रत काढायची, तो नीट चालतोय ना एवढं पाहायचं आणि परत करायचा. शून्य वजा शून्य.

रात्री साडेदहाला त्याने गेम घेतला. सूट तोवर संपली होती. पुरे ३४९ गेले. नीट चालतोय ना हे पाहायला बसला. डेपोत अंधार होता, कंट्रोलरच्या टेबलावरचा फोन वाजत होता आणि ती गाडी येत होती. वहिनी सांगत होत्या की पहाटे सव्वातीनला हे पाणी प्यायला उठले, तेही बाथरूमचा दिवा लावून ठेवून.

स्टीमने पैसे परत करायला नकार दिला. खेळून झाले होते चार तास चाळीस मिनिटं. टोरंटवर टाकायचं राहूनच गेलं. पण सोमणने ३४९ रुपयांची ती पावती छापून घेतली, रंगीत, आणि युरोपच्या त्या पानाशेजारी दुसऱ्या चौकटीत लावली. पायरसी करायला गेलं की विक्री वाढते, याचा घरचा पुरावा म्हणून तो ती पाहुण्यांना दाखवतो.